पन्नासची रेघ

माझा नवरा दारुडा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक मान हलवून चुकचुकतात आणि माझं डोकं फिरतं. ओराझबेक त्याचं नाव. डोंगराच्या पायथ्याशी आमचे द्राक्षाचे मळे पसरलेत, तिथल्या वाइनच्या कारखान्यात त्याने उभी हयात काढली. प्रयोगशाळेत होता. घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि सांगायचं, द्राक्षं वरच्या उतारावरची की खालच्या, यंदा ऊन जास्त लागलं की पाऊस. हाच धंदा. त्या कारखान्यातली निम्मी माणसं पिऊन पिऊन गेली. हा एकटा मापात राहिला.

निवृत्त झाला तेव्हा तिथून एकच वस्तू घरी आणली. काचेचा मापाचा पेला, बाजूने रेघा आखलेला. रोज संध्याकाळी जेवणाआधी पन्नासच्या रेघेपर्यंत ब्रँडी, एकदाच. प्यायला की लगेच पेला धुवायचा, पुसायचा आणि खुंटीवर उलटा घालायचा. लग्नाला गेला तरी पेला कोटाच्या खिशात. लोक हसायचे, पण त्या हसण्यात आदर असायचा. आणि याला काय त्याचा गर्व! वर्तमानपत्रात कुठे छापून आलं की रोज थोडी घेतल्याने म्हातारपणी डोकं तल्लख राहतं, की कात्री घेऊन हजर. कापायचा आणि मला वाचून दाखवायचा. मी थेंबाला शिवलेली नाही, तरी माझंही डोकं ठिकाणावर होतं. पण ते काही कुणी छापलं नाही.

या वसंतात बाटल्या लवकर संपायला लागल्या. एका संध्याकाळी मी बशा धुवायला आत गेले आणि परत येऊन बघते, तर म्हातारा पेला डोळ्यांसमोर धरून रेघेपर्यंत ओततोय.

“आत्ताच झाला ना तुमचा?”

“काय झाला?”

“पेला. सूप वाढायच्या आधी घेतलात की.”

“काहीतरीच काय! तूच हल्ली तंद्रीत असतेस.”

पुरावा कुठला दाखवणार? पेला धुऊन पुसून खुंटीवर गेलेला, तिथूनच परत काढलेला. तो खोटं बोलत नव्हता. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. खोटं बोलला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. त्याच्या लेखी तो त्या दिवसाचा पहिला पेला होता. पुढे पुढे तिसराही पहिलाच असायचा.

अल्माटी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोक्याचे फोटो काढले. आठवण ठेवणारा भाग आकसलाय म्हणाल्या, यापुढे एक थेंबही नको. म्हातारा गप्प बसतोय होय!

“बाई, मी जन्मभर मापात घेतली. म्हणून तर डोकं इतकी वर्षं टिकलं.”

“उलटं आहे, आजोबा. डोकं चांगलं होतं म्हणून माप टिकलं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “थोडी घेणारी माणसं ठणठणीत दिसायची, म्हणून पूर्वी आम्हालाही वाटायचं की थोडी बरी असेल. पण ज्याला थोड्यावर थांबता येतं तो बाकी सगळ्यातच सांभाळून असतो. त्याचं श्रेय बाटलीला कशाला द्यायचं?”

घरी पोचेपर्यंत म्हातारा हे विसरला. मला विसरता आलं नाही.

बाटली लपवली तर त्याने घर डोक्यावर घेतलं. माझ्याच घरात माझी बाटली चोरीला जाते म्हणून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. मग मी काळा चहा केला, पाणी घालून पातळ केला, गाळला, गार केला आणि ब्रँडीच्या बाटलीत भरला. रंग हुबेहूब. पण जीभ कुणाची! ओठाला लागताच पेला भिंतीवर फेकणार, अशी मला धास्ती होती. खरं सांगते, त्याने फेकावाच असं मला वाटत होतं.

त्याने रेघेपर्यंत ओतलं, तोंडात घोळवलं, गिळलं.

“बरी आहे यंदाची,” म्हणाला. “द्राक्षांना ऊन लागलंय.”

मी आत गेले आणि तोंडात टॉवेलचा बोळा धरून रडले. तिथून पुढे रोज चहाच. हवा तेवढा घेऊ दे, म्हटलं.

असे उन्हाळ्याचे महिने गेले आणि सान्झारचं लग्न ठरायची वेळ आली. सान्झार आमचा थोरला नातू, आमच्या येर्देनचा मुलगा. मुलीच्या घरी जायचं, त्यांच्या दस्तरखानावर, म्हणजे मांडलेल्या जेवणावर बसायचं, आणि सगळं जमलं की मुलीच्या कानात आपल्याकडचे डूल घालायचे. डूल घातले की शब्द पक्का. ते घालायचे मी, म्हणजे मुलाच्या आजीने. चांदीचे, माझ्या सासूचे डूल मी कधीच घासून ठेवले होते.

जायच्या आदल्या दिवशी येर्देन अल्माटीहून आला. बापाला बागेत बघून माझ्यामागे स्वयंपाकघरात शिरला.

“आई, बाबांना घरीच ठेवू या. ताप आलाय म्हणून सांगू.”

“आणि डोकं कोण कापणार? तू?”

आमच्यात पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्यापुढे मेंढ्याचं उकडलेलं डोकं ठेवतात. त्याने ते चाकूने कापून घरातल्यांना एकेक भाग द्यायचा. आणि ज्याचा बाप जिवंत आहे त्याने त्या डोक्याला हात लावायचा नाही. येर्देनचे केस पिकले, तरी त्याने कधी कापलेलं नाही.

“काकाला नेऊ.”

“बाप जिवंत असताना काका? पहिला प्रश्न तोच येईल, बाप कुठाय.”

“आणि बाप तिथे बसून काहीतरी बरळला म्हणजे? मग विचारतील, हे तुमच्या रक्तात आहे का. उद्या सान्झारचंही असंच होणार का. देतील मुलगी?” त्याचा आवाज चढला. “पोराचा जीव जडलाय तिच्यावर, आई.”

हे काय मला सुचलं नव्हतं? पण बाहेर बागेत म्हातारा चाकूला धार लावत बसला होता. सकाळी काय खाल्लं ते त्याला सांगता यायचं नाही, पण सान्झारची सोयरीक आठवडाभर त्याच्या डोक्यातून हलली नव्हती. त्याला मागे ठेवून आम्ही गेलो असतो तर ते त्याला जिवंतपणी गाडण्यासारखं झालं असतं. मला ते जमणार नव्हतं.

“मी शेजारी बसेन,” मी म्हटलं. “एक झाला की पेल्यावर हात ठेवेन. सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, हा एकच घेतो.”

“सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे,” येर्देन म्हणाला, “पण बाबांनाच ठाऊक नाही, त्याचं काय?”

व्याही सागिंदिक म्हणजे मुलीचा आजोबा. तरुणपणी कुस्ती खेळलेला, दार भरून टाकणारा माणूस. त्याने म्हाताऱ्याला मिठीत घेतलं आणि दारासमोरच्या मानाच्या जागी नेऊन बसवलं. मी चिकटून शेजारी बसले. मुलगी, मोल्दिर, चहा ओतत होती. गोरीपान, खालमानेची, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून सान्झार कुठे बसलाय ते बघून घेतलेलं मला दिसलं. मला ती आवडली. खिशातली डुलांची डबी मी मुठीत दाबून धरली.

“ओराझबेक व्याही,” सागिंदिकने बाटली उचलली, “तुमच्या पेल्याची कीर्ती आमच्यापर्यंत आलीय. आणलाय ना?”

म्हाताऱ्याने ऐटीत खिशातून पेला काढला. टेबलभर हशा पिकला. सागिंदिकने वाकून, एक डोळा मिटून, बरोबर रेघेपर्यंत ओतलं. म्हातारा उभा राहिला आणि दोन्ही घरांसाठी असं सुरेख बोलला की बायकांचे डोळे भरून आले. मग प्यायला, रुमालाने पेला आतून पुसला आणि खिशात ठेवला. येर्देनने माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला. मीही सोडला. आमचं चुकलं ते इथेच. टेबलावर पेला नाही, डाग नाही, काही खूण नाही.

आणि हा चहा नव्हता. कित्येक महिन्यांनी त्याच्या पोटात खरी ब्रँडी गेली होती. त्याचे कान लाल व्हायला लागले.

घोड्याच्या मांसाचं ताट आलं तसा म्हातारा इकडेतिकडे बघायला लागला. त्याचा हात खिशात गेला. मी त्याचं मनगट धरलं. त्याने ते सोडवून घेतलं आणि पेला टेबलावर ठेवला.

“काय व्याही, या घरात पाहुण्याला घोटभर पाजायची पद्धत नाही वाटतं?”

सागिंदिक क्षणभर बघत राहिला, मग मांडीवर थाप मारून हसला. त्याला थट्टाच वाटली. “वा! आज आमच्यासाठी नियम मोडणार म्हणा की!” आणि त्याने पुन्हा रेघेपर्यंत ओतलं. मी पेल्यावर हात ठेवायला गेले तर म्हाताऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचा अपमानच केला होता. सगळ्यांसमोर मी काय करणार? हात मागे घेतला. प्यायला, पुसला, खिशात ठेवला.

येर्देनच्या तोंडचं पाणी पळालं होतं. समोर बसलेली सागिंदिकची बायको मात्र हसली नव्हती. ती म्हाताऱ्याच्या हाताकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे. बायकांना कळतं.

मग डोकं आलं. मोठ्या ताटात, तोंड आमच्याकडे करून, बाजूला धार लावलेला चाकू. सगळे बोलायचे थांबले, कारण आता म्हाताऱ्याने ओंजळ धरून दुवा द्यायची आणि कापायला घ्यायचं. त्याने ओंजळ धरली नाही. तो सागिंदिककडे बघत होता आणि त्याच्या कपाळाची शीर उठली होती.

“मी केव्हाचा या जागेवर बसलोय,” तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, म्हणून जास्त वाईट होता. “सगळ्यांचे पेले भरले. माझा पेला खिशात कोरडा. एका शब्दाने कुणी विचारलं नाही, आणि आता माझ्यापुढे डोकं ठेवता? माझा बाप असता तर उठून गेला असता.”

सागिंदिकचा चेहरा लालभडक झाला. पाहुण्याला उपाशी ठेवलं असं आमच्यात कुणाला म्हणायचं म्हणजे भर चौकात त्याच्या तोंडात मारणं. त्याच्या मुलांनी मान खाली घातली. मोल्दिरच्या हातातली चहाची वाटी तशीच राहिली.

“व्याही,” सागिंदिक जड आवाजात म्हणाला, “दोनदा माझ्या हाताने...”

“दोनदा? मला खोटं पाडता, तेही तुमच्या दस्तरखानावर?”

येर्देन अर्धवट उठला. “बाबांना बरं वाटत नाहीये, प्रवासाने...”

माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसले तर सागिंदिक लबाड ठरतो, सोयरीक तिथेच मोडते, किंवा तो रागाने तिसरा पेला ओततो आणि मग म्हाताऱ्याच्या हातात चाकू येतो. बोलले तर जे उन्हाळाभर चहाच्या बाटलीत लपवलं ते सगळ्यांसमोर सांडतं. ज्या माणसाची अब्रू राखायला त्याला इथवर आणलं, त्याचीच अब्रू माझ्या तोंडून जायची. डबी माझ्या तळव्यात रुतत होती.

“घेतलात तुम्ही,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे वळला.

“दोनदा घेतलात. व्याह्यांनी स्वतः ओतलं. तुम्ही विसरता, अहो. वसंतापासून विसरताय. रोज विसरता.” मग मी सागिंदिककडे वळले. “व्याही, दुखणं आहे त्यांना. तुमचा अपमान त्यांनी नाही केला, दुखण्याने केला. आधी सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं.”

म्हाताऱ्याने खिशातून पेला काढला. नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ हुंगत राहिला. मला तर टेबलाच्या पलीकडूनसुद्धा वास आला असता. त्याला येत नव्हता. ते त्याला तिथे, त्या क्षणी समजलं, आणि मी ते समजताना पाहिलं. अशी वेळ वैऱ्यावरही न यावी.

“मी कधी दोन घेत नाही,” तो हळूच म्हणाला.

“माहितीये मला.”

“घेतले का पण?”

“घेतले.”

त्याने पेला दस्तरखानावर उलटा ठेवला, घरी खुंटीवर घालतो तसा. “ही म्हणते म्हणजे घेतले असतील,” तो सागिंदिकला म्हणाला. “व्याही, माफ करा. माझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही.”

मी खाली बघितलं. उन्हाळाभराचा चहा माझ्या घशाशी आला.

तेवढ्यात समोरून सागिंदिकची बायको बोललीच. “रक्तातलं आहे का हे? विचारायला नको का? आपली पोर द्यायचीय.”

येर्देनने डोळे मिटले. सागिंदिक तिच्याकडे वळला. त्याचा राग अजून उतरला नव्हता, पण आता त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं होतं.

“तुझा बाप शेवटी तुला शेजारीण समजून लाजायचा. घरी येऊन मला विचारायचा, ही बाई इथेच का राहते. मी तुला नांदवलं ना? आता गप्प बस. मटण गार होतंय.” मग म्हाताऱ्याकडे बघून त्याने घसा साफ केला. “चाकू घ्या, व्याही.”

म्हाताऱ्याने ओंजळ धरली. दुवा बरोबर आली, एक शब्द न अडखळता. चाकू घेतला, उजव्या गालाचा तुकडा कापला, चाखला. हात अजिबात थरथरला नाही. हातांना सगळं येत होतं. मग उजवा कान कापला आणि तो कान हातात धरून थांबला. एकेका चेहऱ्याकडे बघत राहिला.

“रौशन,” तो मला म्हणाला, “कान कुणाला?”

जन्मात कुणा बाईने डोकं कापणाऱ्याला असं सांगितलं नसेल. मी सांगितलं. “घरातल्या धाकट्याला. मोठ्यांचं ऐकावं म्हणून.”

“आणि टाळू?”

“मुलींना.”

त्याने कान दिला, टाळू दिली. मग चाकू उलटा करून, मूठ पुढे धरून, येर्देनसमोर नेला.

येर्देनने हात पाठीमागे घेतले. “नाही, बाबा. तुम्ही असताना मी धरणार नाही.”

“मी आहे तोवरच धर,” म्हातारा म्हणाला. “आज अर्धं विसरलो. पुढच्या खेपेला सगळं विसरलेला असेन. मग तुला कोण शिकवणार?”

येर्देनने सागिंदिककडे बघितलं. सागिंदिक छताकडे बघत होता, जसं त्याला काही दिसतच नव्हतं. येर्देनने चाकू घेतला. म्हाताऱ्याने त्याच्या हातावर हात ठेवला, लहानपणी पेन्सिल धरायला शिकवताना ठेवायचा तसा, आणि दोघांनी मिळून डावी बाजू कापली. येर्देनची आसवं ताटात पडत होती आणि त्याला ती पुसता येत नव्हती.

चहाच्या वेळी सागिंदिकच्या बायकोनेच मोल्दिरला दंडाला धरून माझ्यापुढे आणलं. “घाला डूल,” म्हणाली. चेहरा आंबटच होता, पण म्हणाली. माझ्या बोटांना कानाचं भोक सापडेना. पोरीनेच माझा हात धरून दाखवलं.

घरी आलो तोवर उन्हं उतरली होती. मी कोट उतरवते आहे तर म्हातारा खुंटीसमोर उभा. पेला त्याने खिशातून काढून धुतला होता, हातात धरला होता आणि बाटलीकडे बघत होता. मी वाट बघत राहिले.

“रौशन,” त्याने विचारलं, “माझा झाला का गं आजचा?”

पूर्वी त्याने कधी विचारलं नव्हतं. दुपारचं टेबल, सागिंदिक, कान, चाकू, यातलं काय त्याच्यापाशी उरलं होतं, कोण जाणे. एवढं मात्र उरलं होतं की हे मला विचारायचं असतं.

“झाला,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि पेला खुंटीवर उलटा घातला. दुसऱ्या दिवशी मी चहाची बाटली मोरीत ओतली.

आता रोज संध्याकाळी तो विचारतो आणि रोज मी झाला म्हणते. ज्या बायकोला खोटं बोलता येत नाही ती रोज तोंडावर खोटं बोलते, आणि तो रोज विश्वास ठेवतो. पेला कोरडाच असतो. काल तो खुर्चीत बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “चव कशी होती? माझ्या लक्षात नाही.”

मी थेंबाला कधी शिवलेली नाही. पण त्याच्याजवळ बसले, त्याचा हात हातात घेतला आणि सांगितलं, “वरच्या उतारावरची होती. यंदा द्राक्षांना ऊन चांगलं लागलंय.”

“वाटलंच मला,” तो म्हणाला.